बिनचेनची सायकल, केळीचा मळा आणि बाभळीचे काटे

गेल्या पावसाळ्यापासून फैजपूर ते मळा ही माझी रोजची ये-जा बेल्टच्या सायकलवर चालू आहे. चेनऐवजी कार्बन धाग्यांचा दातेरी पट्टा, मागच्या हबात, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, आठ गिअर. वाटेत कुणीतरी विचारतंच, "चेन कुठंय रे भो?"

फायदा खरा आहे. तेल लावलेल्या चेनवर आपल्याकडची धूळ बसली की चेनची कानस होते आणि फ्रीव्हीलचे दात झिजतात. पट्ट्याला तेलच लागत नाही. पँट काळी होत नाही (केळीच्या चिकाचे डाग पडतात ते वेगळे). उन्हाळ्यात धुळीने तो चिरचिरतो, बाटलीतलं पाणी शिंपडलं की गप्प. ओली काळी माती मात्र मडगार्डमध्ये अडकतेच. तिथं बेल्ट काय करणार?

खरा त्रास पंक्चरचा. साध्या सायकलचं चाक न काढता पंक्चरवाला एका बाजूने ट्यूब बाहेर ओढतो आणि ठिगळ लावून देतो. तेवढं इथंही जमतं. पण बांधावरच्या बाभळीने ट्यूबची चाळण केली, ट्यूबच बदलायची वेळ आली, की गिअरची केबल सोडा, नट ढिले करा, चाक काढा आणि बसवताना पट्ट्याचा ताण पुन्हा जुळवा. ढिला राहिला तर जोर लावताना पट्टा दातांवरून घसरतो, जास्त ताणला तर बेअरिंगवर भार. आमचा पंक्चरवाला आता पाना माझ्याच हातात देतो.

सपाटीवर काही जाणवत नाही. सातपुड्यातल्या पाल गावच्या चढाला मात्र हबाचं वजन कळतं, आणि पट्टा कायम ताणलेला असल्याने सावकाश चालवताना थोडी ताकद वाया जाते. चांगली तेलपाणी केलेली चेन तिथं सरस.

शाफ्टची, म्हणजे चेनऐवजी फिरत्या दांड्याने चाक फिरवणारी सायकलही पाहिली होती. ती कल्पना जुनी, १८९० च्या दशकात अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये तशा सायकली विकल्या जात. पायडलचा वेग कमी, जोर मोठा. तो सगळा शंकूसारख्या गिअरच्या मोजक्या दातांवर येतो, म्हणून ते जाडजूड करावे लागतात. ती नको म्हटलं.

जुन्या सायकलला बेल्ट बसेल का, असं बरेच जण विचारतात. नाही बसत. पट्टा सहसा अखंड असतो, चेनसारखा तोडून जोडता येत नाही, म्हणून फ्रेमलाच मागे उघडणारा सांधा लागतो. शिवाय डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवून गिअर बदलणारा भाग) चालत नाही. त्यापेक्षा आबांच्या काळ्या सायकलसारखं पूर्ण चेनकव्हर बसवा. निम्मा फायदा तेवढ्यात मिळतो.

घेणारच असाल तर जादा पट्टा सोबतच मागवा, जळगावातही मला मिळाला नाही. आणि तो घडी घालून ठेवू नका. आतले धागे मोडले तर वरून दिसत नाही, तुटतो तेव्हाच कळतं.