टॅबलेटचे चिकटलेले बटण आणि माझे ८६,६६९ रुपये

११ एप्रिल २०२५ रोजी, शुक्रवारी, दुपारी साडेतीन ते रात्री पावणेआठ एवढ्या वेळात माझ्या बचत खात्यातून ८६,६६९ रुपये गेले. ज्या टॅबलेटच्या दुरुस्तीपायी ते गेले, तो टॅबलेट पुढच्या आठवड्यात कणकवलीला दहा मिनिटांत आणि १५० रुपयांत दुरुस्त झाला. हे लिहिताना आजही कानशिले तापतात. परंतु खाऱ्या वाऱ्याने आणि दमट हवेने किनाऱ्यावरच्या आणखी कोणाचा तरी टॅब बंद पडणार, आणि तोही माझ्यासारखाच घाईत ‘ग्राहक सेवा क्रमांक’ शोधणार, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहीत आहे.

आमचे घर विजयदुर्ग खाडीच्या काठी आहे. माध्यमिक शाळेतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाल्यापासून मी घरची हापूसची कलमे पाहतो आणि पुणे, ठाणे, डोंबिवली येथील ओळखीच्या गिऱ्हाइकांना पेट्या पाठवतो. कोणाची किती डझनांची पेटी, आगाऊ रक्कम किती आली, कोणत्या पत्त्यावर उतरवायची, हा सगळा हिशेब टॅबमध्ये असतो. शनिवारच्या गाडीने ४२ पेट्या जायच्या होत्या आणि शुक्रवारी सकाळी टॅब चालू होईना. कंपनीचे चिन्ह उमटायचे, दहा-बारा सेकंद राहायचे, पडदा काळा व्हायचा आणि पुन्हा तेच चिन्ह. आदल्या रात्री वीज चार-पाच वेळा गेली-आली होती, त्यामुळे मी प्रथम चार्जरवर संशय घेतला. केबल बदलली, सुनेचा चार्जर लावून पाहिला, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले. मग पॉवर आणि आवाज वाढवण्याचे बटण एकत्र दाबून रिकव्हरीची, म्हणजे बिघडलेला टॅब सावरण्याच्या पर्यायांची, यादी उघडली. अँड्रॉइडच्या बहुतेक टॅबमध्ये ही यादी असते. तिच्यात आवाजाच्या बटणाने खाली-वर जायचे आणि पॉवरच्या बटणाने पर्याय निवडायचा असतो. सगळा डेटा पुसण्याचा पर्याय मला नको होता, कारण हिशेबाची दुसरी प्रत कोठेही नव्हती. फक्त कॅशे, म्हणजे टॅबने स्वतःच्या सोयीसाठी केलेली तात्पुरती साठवण, पुसून पाहायची होती. पण यादी दिसते न दिसते तोच, मी कशालाही हात लावण्यापूर्वी, सर्वांत वरचा पर्याय आपोआप निवडला जाई आणि टॅब पुन्हा सुरू होऊ लागे. तीन वेळा असेच झाले. कोठे दुखते आहे हे टॅब बोट दाखवून सांगत होता, आणि मी मात्र ‘सॉफ्टवेअर गेले’ असा निदानाचा शिक्का मारून मोकळा झालो.

अधिकृत दुरुस्ती केंद्र गाठायचे तर फोंडा घाट चढून कोल्हापूरला जावे लागले असते आणि त्यात अख्खा दिवस मोडला असता. म्हणून मी फोनवर कंपनीचे नाव आणि ‘ग्राहक सेवा’ हे शब्द टाकले. सर्वांत वर जो क्रमांक आला त्याच्याशेजारी दुकानाचे छायाचित्र होते, तारे होते, समाधानी ग्राहकांचे अभिप्राय होते. टॅबचे मूळ खोके आमच्या पोटमाळ्यावर होते आणि त्याच्या बाजूवर कंपनीचा खरा निःशुल्क क्रमांक ठसठशीत छापलेला होता. शिडी लावून तो काढायला पाच मिनिटे लागली असती. शोधयंत्राच्या यादीत वर दिसणारा क्रमांक तेथे कोणीही चढवू शकतो. खोक्यावरचा क्रमांक तसा कोणी बदलू शकत नाही.

पलीकडचा गृहस्थ हिंदीत, अत्यंत अदबीने बोलला. तक्रार ऐकून घेतली, टंकलेखनाचा आवाज ऐकवला, तक्रार क्रमांक दिला. मग त्याने टॅबचा आयएमईआय, म्हणजे सिमच्या उपकरणाचा ओळख क्रमांक, मागितला, आणि येथे मला थांबावेच लागते, कारण माझ्या मूर्खपणाचे मूळ येथे आहे. शाळेला मिळालेल्या टॅबची नोंदवही चार वर्षे माझ्या हाताखाली होती. आयएमईआयचा रकाना वेगळा, सिरियल क्रमांकाचा वेगळा. आयएमईआय पंधरा अंकी असतो, त्यात अक्षर नसते, आणि ज्या टॅबमध्ये सिम बसत नाही त्याला आयएमईआय नसतोच, हे मी स्वतः दोन शिक्षकांना समजावून सांगितलेले आहे. माझा टॅब फक्त वायफायचा आहे. मी त्याला तसे सांगून पाठीवरचा सिरियल क्रमांक वाचून दाखवला, ज्यात चार इंग्रजी अक्षरे होती. त्यावर तो म्हणाला, ‘हां सर, यही आयएमईआय है, सिस्टम में मिल गया.’

मनात खडा पडला होता. नाही असे म्हणणार नाही. परंतु बाहेर गडी पेट्यांत पेंढा भरत होते, कोणती पेटी कोणाची हे विचारायला दर पाच मिनिटांनी एकजण पायरीशी येत होता, आणि ‘मिल गया’ हा शब्द त्या वेळी इतका हवासा वाटला की मी पुढचे विचारलेच नाही. आमची मंडळी स्वयंपाकघरातून म्हणालीही, ‘अहो, इतका वेळ कोणाशी बोलताय?’ मी हातानेच गप्प राहा म्हणून खूण केली. त्या खुणेची आठवण मला ती अजून दिवसातून एकदा तरी करून देते.

पुढचे सगळे वाचकांना ठाऊक असलेलेच नाटक आहे. टॅब उघडत नाही म्हणून ‘पूल’ लागेल, असे सांगून त्याने माझ्या फोनवर एक फाइल पाठवली आणि ती बसवायला लावली. फोनने अनोळखी अ‍ॅपबाबत इशारा दिला, मी तो बाजूला सारला. अ‍ॅपने संदेश वाचण्याची परवानगी मागितली, मी दिली. बिघडला होता टॅब आणि औषध पाजले जात होते धडधाकट फोनला! चिन्हावर अडकलेल्या टॅबला ना इंटरनेट असते ना त्याच्या आत शिरण्याची दुसरी वाट. तो हातात घेतल्याशिवाय किंवा केबलने संगणकाला जोडल्याशिवाय जगातला कोणताही तंत्रज्ञ दुरुस्त करू शकत नाही. जो दुरून दुरुस्त करून देतो म्हणतो, त्याचा फोन तेथल्या तेथे ठेवावा.

अ‍ॅपमध्ये नोंदणीसाठी १० रुपये भरायचे पान उघडले आणि त्यावर मी डेबिट कार्डाचा संपूर्ण तपशील, मागचे तीन अंक धरून, माझ्या हाताने भरला. नंतर ‘रिस्टोअर परवान्याचे’ २,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३६० असे २,३६० रुपये क्यूआर कोडवर पाठवले. जीएसटीचा वेगळा हिशेब पाहून माझ्यातला लिपिक निवांत झाला, हे कबूल करतो. पैसे पाठवताना पडद्यावर कंपनीचे नाव न येता कोणा एका व्यक्तीचे नाव आले होते. पैसे कोणाच्या नावावर जात आहेत ते वाचल्याशिवाय पिन घालू नये, एवढी साधी गोष्ट मी इतरांना सांगत आलो होतो. शेवटी त्याने फोन चार्जिंगला लावून रात्री आठपर्यंत त्याला हात लावू नका असे बजावले, आणि मी तो आज्ञाधारकपणे देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर पालथा ठेवला.

४ वाजून १२ मिनिटांनी ४९,९९९ गेले. ४ वाजून १९ मिनिटांनी २४,५०० गेले. बँकेचे ओटीपी त्या अ‍ॅपने परस्पर वाचून पुढे धाडले. संध्याकाळी सातनंतर डोंबिवलीच्या एका गिऱ्हाइकाने पेटीचे ३,२०० रुपये पाठवल्याचे घरच्या दूरध्वनीवर कळवले, म्हणून मी खाते उघडले, तर शिल्लक १२,४१६. माझी बोटे इतकी थरथरत होती की कार्ड बंद करण्यासाठी बँकेचा क्रमांक लावायला तीन खेपा कराव्या लागल्या. ७ वाजून २५ मिनिटांनी मला तक्रार क्रमांक मिळाला. ७ वाजून ४१ मिनिटांनी त्याच, ‘बंद केलेल्या’ कार्डावरून आणखी ९,८०० रुपये गेले. येथे माझीही एक चूक झाली: अ‍ॅप फोनवर तसेच होते आणि नेट चालू होते. असा प्रसंग आलाच तर सर्वप्रथम फोन विमान मोडमध्ये टाकावा किंवा सिम काढावे, आणि तक्रारीचे फोन दुसऱ्याच्या फोनवरून करावेत.

१९३० हा सायबर मदत क्रमांक आहे असे जाहिरातीत दिवसरात्र सांगतात. तो मला ४० मिनिटांनी लागला. पलीकडच्या बाईंनी प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक मागितला. बँकेचे संदेश तर चोरट्या अ‍ॅपने पुसून टाकले होते, आणि खातेउतारा काढून वाचून दाखवेपर्यंत फोन तुटला. पुन्हा रांग. तक्रार नोंद झाली तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. हा उतारा आधी हाताशी घेऊन मगच १९३० लावावा, म्हणजे माझ्यासारखा तास वाया जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी १२ एप्रिल, दुसरा शनिवार आणि हनुमान जयंती; मग रविवार; मग १४ एप्रिल, आंबेडकर जयंती. बँकेचे दार मंगळवारी उघडले. शाखाधिकाऱ्यांनी खुर्चीतून न उठता सांगितले की कार्डाचा तपशील तुम्हीच दिलात, तेव्हा जबाबदारी तुमची. मी म्हटले, तक्रारीनंतर सोळा मिनिटांनी गेलेल्या रकमेचे काय? तेव्हा ते संगणकात पाहू लागले आणि ‘वरून उत्तर येईल’ असे म्हणाले. तेव्हा लागू असलेले रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक अगदी स्पष्ट होते: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेलेले पैसे तक्रार करेपर्यंत ग्राहकाचे, तक्रार नोंदवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. मी त्याची छापील प्रत टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटी करून तिच्या पाठीवर माझा खाते क्रमांक लिहून घेतला.

पोलीस ठाण्यातला अनुभव याहून वरताण. शनिवारी गेलो तर सगळे मिरवणुकीच्या बंदोबस्ताला. सोमवारी गेलो तर तेच. मंगळवारी बँकेतून सरळ तेथे गेलो, तेव्हा ठाणे अंमलदारांनी सांगितले की माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील गुन्ह्याचा तपास निरीक्षकाच्या दर्जाचाच अधिकारी करू शकतो आणि साहेब जागेवर नाहीत. कायद्यात तशी अट आहे हे खरे, पण ती तपासाची अट आहे, फिर्याद लिहून घेण्याची नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, लिहून घ्यावीच लागते. हे मी म्हणालो तर मला ‘काका, तुम्ही वकील आहात का?’ असे विचारण्यात आले. शेजारच्या बाकावरचा, बकरी चोरीला गेल्याची फिर्याद द्यायला आलेला माणूस हसला. मला जिल्ह्याच्या ठिकाणी सायबर विभागाकडे पाठवण्यात आले. तेथून ‘आधी तुमच्या ठाण्यात द्या’ म्हणून परत. एसटीच्या तीन फेऱ्या झाल्या. शेवटी २ मे रोजी फिर्याद नोंदली गेली, तीही ९,८०० रुपयांचा व्यवहार वगळून, कारण ‘तो बँकेचा विषय आहे’. मी अडून बसलो आणि ती रक्कम शाईने लिहून घेतली.

टॅबचे सांगायचे राहिले. बुधवारी, १६ तारखेला, पुतण्या कणकवलीला निघाला होता, त्याच्याबरोबर मी गेलो. बाजारातल्या एका अरुंद गाळ्यात बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा भिंग लावून बसला होता. त्याने टॅबचे रबरी कव्हर काढले, पॉवरच्या बटणावर नखाने टिचकी मारली आणि म्हणाला, ‘काका, बटान चिकाटला हा. बाकी कायेक नाय.’ बटणाच्या फटीत खाऱ्या हवेचा पांढुरका थर आणि आंब्याचा वाळलेला चीक साचला होता, वरून घट्ट कव्हर त्यावर दाब देत होते. बटण सतत दाबलेले राहिल्यामुळे टॅब पुन्हा पुन्हा सुरू होत होता, आणि रिकव्हरीच्या यादीतला पहिला पर्याय त्याच कारणाने आपोआप निवडला जात होता. त्याने ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावले, बटण वीस-पंचवीस वेळा खालीवर केले, हवेचा फुंकारा मारला. टॅब उघडला. ४२ पेट्यांची यादी जशीच्या तशी समोर आली, त्यातल्या ११ पेट्या शनिवारी चुकीच्या पत्त्यांवर जाऊन पोहोचल्या होत्या. मी २०० रुपये दिले, त्याने ५० परत केले.

पुसण्यासाठी पाणी किंवा घरातले सॅनिटायझर वापरू नये असे तो म्हणाला. त्याचे ऐकून मी आता कव्हर बटणाजवळ कापून टाकले आहे, आणि हिशेबाची एक प्रत रोज रात्री मेलवर पाठवतो, एक वहीत उतरवतो.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तेव्हा २० मे रोजी मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते आणि तिची पोच जपून ठेवावी लागते. जुलैत बँकेने ९,८०० रुपये खात्यात जमा केले, सोबतच्या पत्रात ‘सद्भावनेने’ असा शब्द घालून. उरलेल्या ७६,८६९ रुपयांपैकी ६,१४० रुपये कोठल्याशा परराज्यातील खात्यात गोठवले गेले असल्याचे पोलिसांकडून कळले. ते सोडवायला न्यायालयात अर्ज करावा लागेल असे मला त्या वेळी सांगण्यात आले, आणि तालुक्याचे वकील त्या अर्जाचे ५,००० रुपये मागतात. अर्जाचा मसुदा मी स्वतःच लिहून काढला असून तो टॅबमध्येच आहे.