वैमानिकाच्या नोकरीचे पत्र आणि साडेचार लाख रुपये

कमर्शियल पायलट लायसन्स मिळाले म्हणजे नोकरी लागलीच, असा समज आपल्या कोकणात अजून सर्रास आढळतो. प्रत्यक्षात 200 तासांचे उड्डाण आणि डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परीक्षा पूर्ण केल्यावरही एअरबस ए320, बोइंग 737 किंवा एटीआर अशा विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे तेच विमान चालवण्याचे प्रशिक्षण व त्याची मान्यता, घ्यावे लागते, आणि त्याचे काही लाख रुपये पुष्कळदा उमेदवारालाच भरावे लागतात. फसवणूक करणाऱ्यांचे फावते ते इथेच, कारण या क्षेत्रात कोणी पैसे मागितले तर त्यात वावगे वाटत नाही.

माझ्या भाचीला परवाना मिळाला तेव्हा भावोजींची देवगडची हापूसची बाग तिच्या शिक्षणासाठी बँकेकडे तारण होती. अशा वेळी मुंबईहून एका सल्लागाराचा फोन आला. बोलणे अत्यंत अदबीचे, दर वाक्याला ‘काका’. एका विमान कंपनीच्या पुढच्या बॅचमध्ये भाचीसाठी जागा धरून ठेवली आहे, सिम्युलेटरचे (जमिनीवरच विमान चालवण्याचा सराव देणाऱ्या यंत्राचे) स्लॉट भरत आले आहेत, आत्ता साडेचार लाख भरल्यास लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे नोकरी देण्याचा इरादा कळवणारे पत्र, येईल आणि उरलेली रक्कम प्रशिक्षण सुरू झाल्यावर द्यावी, असे त्याने सांगितले.

पैसे भरल्यावर पत्र आलेही. वर कंपनीचे बोधचिन्ह, खाली सही-शिक्का. फक्त ते मोफत ईमेल सेवेवरून आले होते आणि त्यात ‘विमानाचा प्रकार नंतर कळविण्यात येईल’ असे वाक्य होते. टाइप रेटिंग एका ठरावीक विमानाचेच असते, तेव्हा विमान कोणते हेच ठाऊक नसताना सिम्युलेटरचा स्लॉट राखला कसा, हा प्रश्न भाचीने विचारला आणि तिथून त्या गृहस्थाचा सूर बदलला. लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, सिम्युलेटरवरील तपासणी आणि मुलाखत यांपैकी काहीही न होता निवड झाली कशी, याचेही उत्तर त्याच्याकडे नव्हते. त्याने नाव घेतलेल्या प्रशिक्षण संस्थेत चौकशी केली, तर तिथे भाचीच्या नावाची नोंदच नव्हती.

खरी मेख पावतीत होती. तोंडी सगळी भाषा ‘स्लॉट’ची, पण पावतीवर बारीक अक्षरांत ‘सल्लागार शुल्क, परतावा नाही’ असे छापलेले होते आणि रक्कम एका व्यक्तीच्या बचत खात्यात गेली होती. त्यामुळे पोलीस ठाण्यात आधी हा दिवाणी स्वरूपाचा वाद असल्याचे ऐकावे लागले. फोनवरील संदेश छापून जोडल्यावर अर्ज घेतला गेला. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.

अशी मागणी झाल्यास पैसे भरण्याआधी संस्थेचे नाव डीजीसीएच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत पाहावे, निवडीची खातरजमा थेट विमान कंपनीकडे करावी आणि प्रशिक्षणाचे शुल्क संस्थेच्याच खात्यात भरावे. पैसे ऑनलाइन गेले असतील, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढे वळती होण्याआधीच ती गोठवता येण्याची शक्यता असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणखी कोणाचा असाच व्यवहार झाला असेल, तर त्यांनी पावती व संदेश जपून ठेवून आपापल्या ठाण्यात स्वतंत्र अर्ज द्यावा. एकाच पद्धतीच्या अनेक तक्रारी आल्या, की दिवाणी वाद म्हणून त्या बाजूला सारणे अवघड जाते.