रंगाच्या मशीनला तापमानाचा कोणता सेन्सर बसवायचा: पीटी-१०० की थर्मोकपल?

मे महिन्यातली गोष्ट. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्यांनी बोलावलं होतं. डाइंग मास्टर वैतागले होते. "साहेब, सकाळचा लॉट सॅम्पलला जुळतो, दुपारचा जुळत नाही. रेसिपी तीच, रंगाचा डबा बी तोच." रिअॅक्टिव्ह रंग, ६० अंशांची पायरी, आणि डिस्प्लेवर दोन्ही वेळा ६० च.

मशीनला के-टाइप थर्मोकपल होतं, म्हणजे दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा टोकाला जोडून केलेला सेन्सर. त्यात वाईट काही नव्हतं. पण मशीनशेजारच्या जंक्शन बॉक्सपासून केबिनमधल्या पॅनेलपर्यंत कुणीतरी साधी तांब्याची केबल ओढली होती. थर्मोकपल स्वतःहून तापमान सांगत नाही, दोन टोकांमधला फरक सांगतं. कंट्रोलर त्यात आपल्या टर्मिनलचं तापमान मिळवतो आणि बेरीज दाखवतो. मध्येच तांबं जोडलं की खरं थंड टोक जंक्शन बॉक्समध्ये राहतं आणि कंट्रोलर मिळवतो ते केबिनचं तापमान. सकाळी बॉक्स २८, केबिन २७, म्हणजे चूक एका अंशाची. दुपारी बॉक्स ४० वर गेला, कूलरच्या केबिनमध्ये ३४ च. डिस्प्ले सहा अंश कमी दाखवायला लागला, कंट्रोलरने वाफ सोडली आणि ६० म्हणत म्हणत माल ६६ ला रंगला.

नवीन मशीन घेताना किंवा जुन्याचं पॅनेल बदलताना "दोन्हीपैकी काय टाकू?" असं मला विचारतात, तेव्हा मी आधी केबलबद्दल विचारतो ते यामुळे.

पीटी-१०० म्हणजे प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान ओळखणारा सेन्सर. त्याचं गणित सरळ आहे. शून्य अंशाला १०० ओहम, पुढे अंशाला सुमारे ०.३८५ ओहमची वाढ. केबल तांब्याचीच चालते, पण तीन तारांची हवी. दोन तारांवर भागवलं तर दीड चौरस मिलिमीटरच्या केबलला ४० मीटर अंतरात जाऊन-येऊन जवळपास एक ओहम रोध मिळतो, म्हणजे डिस्प्ले अडीच अंश जास्त. इथे वाफ लवकर बंद होते आणि माल साडेसत्तावन्नला रंगतो. मात्र ही चूक दिवसभर जवळपास तेवढीच राहते, त्यामुळे निदान लॉट एकमेकांशी तरी जुळतात. तिसरी तार टाकली की तीही जाते. फक्त तिन्ही तारा सारख्या हव्यात आणि लग (तारांच्या टोकाचे जोड) घट्ट हवेत.

अचूकतेत तर तुलनाच नको. क्लास बीचा पीटी-१०० ६० अंशांना ०.६ अंशाच्या आत असतो, क्लास ए ०.२७ च्या. के-टाइपचं चांगल्या दर्जाचं थर्मोकपल दीड अंश, साधं अडीच. शिवाय के-टाइप अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतं. शेजारून ड्राइव्हची मोटर केबल जात असेल तर आकडा नाचतो.

वेगाचा मुद्दा विक्रेते थर्मोकपलच्या बाजूने हमखास काढतात. उघडं थर्मोकपल चपळ असतं, खरंय. पण रंगाच्या मशीनला ते थर्मोवेलमध्येच, म्हणजे तळ बंद असलेल्या संरक्षक नळीतच जाणार. तिथे उशीर करते ती थर्मोवेलची जाड भिंत आणि आतली हवेची फट, सेन्सर कुठलाही असो. स्प्रिंगवाला इन्सर्ट घ्या, म्हणजे टोक तळाला टेकून राहील.

बिघडल्यावर काय होतं हा भाग मला किमतीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पीटी-१०० ची तार तुटली की रोध अमर्याद होतो, आकडा वर जाऊन अलार्म येतो, वाफ बंद. शॉर्ट झाला तर आकडा स्केलच्या खाली जातो. तेव्हा व्हॉल्व्ह बंद राहील असं कंट्रोलरमध्ये सेट करून ठेवा. थर्मोकपल तुटलं तर आकडा कुठे जावा हे ठरवणारं कंट्रोलरमधलं बर्नआउट 'वर' सेट केलेलं असावं. पण त्याची केबल वाफेच्या लाइनला टेकून वितळली, आतल्या दोन तारा चिकटल्या, तर तिथेच नवीन जोड तयार होतो. डिस्प्ले निमूटपणे त्या जागेचं तापमान दाखवत बसतो. लाइनवर ९० आणि मशीनमध्ये ६०, किंवा उलटं. अलार्म नाही, काही नाही. ऑपरेटरला शंका यावी असं त्यात काहीच नसतं.

मग थर्मोकपल कुठे? साखर कारखान्यात जा. कोजनरेशनच्या (वीजनिर्मितीच्या) बॉयलरची वाफ ५०० अंशांच्या आसपास असते, भट्टीतून निघणारा धूर त्याच्याही बराच वर. तिथे पीटी-१०० चा विचार करू नका, के-टाइपच घ्या. त्याच कारखान्यात ज्यूस हीटर आणि पॅन मात्र शंभरच्या आसपास किंवा खालीच असतात, तिथे पुन्हा पीटी-१००. पंपाच्या अगदी जवळ, थरथर असेल तिथे पीटी-१०० चा तारेच्या वळ्यांचा एलिमेंट टिकत नाही, थिन-फिल्म (पातळ थराचा) मागा. पॉलिएस्टरसाठी १३० अंशांवर चालणारं एचटीएचपी (जास्त तापमान, जास्त दाबाचं) मशीन असलं तरी माझं उत्तर बदलत नाही. डाय हाऊसमध्ये के-टाइप घ्यावं असं एकही ठिकाण मला आठवत नाही.

किमतीचं थोडक्यात: थर्मोकपल स्वतः स्वस्त पडतं, पण त्याला तांब्याऐवजी लागणारी खास मिश्रधातूची कॉम्पेन्सेटिंग केबल महाग. अंतर वाढलं की वाचलेले पैसे केबल खाते, आणि मग कुणीतरी तांबं ओढतो. अंतर फारच असेल तर सेन्सरच्या डोक्यावरच सिग्नल बदलणारा हेड ट्रान्समीटर लावून ४-२० मिलीअँपिअर आणा, मग पुढची केबल दोन तारांची साधी चालते.

आधीपासून बसवलेला पीटी-१०० बरोबर आहे का ते अर्ध्या तासात कळतं. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून सेन्सर बुडवा. सेन्सरच्या टोकाशीच चांगला मल्टिमीटर लावा, मीटरच्या वायरींचा रोध वजा करा, १०० ओहम यायला हवेत. मग उकळतं पाणी. इथे अनेक जण १३८.५ ओहम शोधतात आणि सेन्सरला नाव ठेवतात. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, पाणी इथे साधारण साडेअठ्ठ्याण्णवलाच उकळतं. १३७.९ च्या आसपास आलं की सेन्सर ठीक.

त्या टॉवेलवाल्यांनी शेवटी मशीनवर पीटी-१०० घेतला. पहिल्या इंडेंटमध्ये (मागणीपत्रात) त्यांच्या स्टोअरने लिहिलं होतं, 'पीटी-१००, १ नग'. तो कागद परत पाठवला आणि लिहून दिलं: तीन तारा, क्लास ए, स्प्रिंग इन्सर्ट, थर्मोवेलची लांबी अमुक, सोबत कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, आणि ६० अंशांचा पॉइंट त्यात असलाच पाहिजे.