जुनं बेसबॉल कार्ड घेताय? आधी त्याची लांबी मोजा

टॉप्स ही बेसबॉल खेळाडूंची चित्रं असलेली कार्डं छापणारी कंपनी. तिचं 1956 सालचं, रॉबर्टो क्लेमेंटे या खेळाडूचं कार्ड माझ्या गळ्यात मारून एका माणसाने मला हातोहात फसवलं. पाचशे डॉलर गेले. पैसे देताना मी खरेदीला संरक्षण असलेलाच मार्ग निवडला होता आणि कार्ड जाणकारांकडे तपासायलाही पाठवलं होतं, तरीही गेले. नेमके कसे गेले ते सविस्तर लिहिते, कारण हा डाव अजून चालू आहे. आणि या छंदात आता अमेरिकेतली आपली बरीच माणसं यायला लागली आहेत. मुलं लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, खेळायला लागली की घरात कार्डांचं पहिलं पाकीट येतं, आणि पुढे मुलांपेक्षा आईबापच त्यात रमतात.

मी पिट्सबर्गला राहते. इथे क्लेमेंटेला जो मान आहे तो नुसता खेळाडूचा नाही. पायरेट्स या इथल्या बेसबॉल संघाच्या मैदानाकडे नेणाऱ्या पुलाला त्याचं नाव आहे. मैदानाची उजवीकडची भिंत 21 फूट उंच ठेवली आहे, कारण त्याच्या पाठीवरचा आकडा 21 होता. पोर्तो रिकोहून आलेल्या या माणसाने 1972 च्या सप्टेंबरअखेर आपला तीन हजारावा हिट (चेंडू टोलवून बेस गाठणारा फटका) मारला, आणि त्याच वर्षी 31 डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, पाच वर्षं थांबायची अट त्याच्यापुरती बाजूला ठेवून 1973 मध्ये त्याला तिथे स्थान दिलं. टॉप्सने मात्र 1957 पासून कित्येक वर्षं त्याच्या कार्डावर ‘बॉब’ छापलं. मला त्याच्या खऱ्या नावाचं कार्ड हवं होतं. 1955 चं पहिलं कार्ड माझ्या खिशाला झेपणारं नव्हतं, म्हणून 1956 चं, 33 क्रमांकाचं शोधत होते.

हा संच आहेच तसा देखणा. 340 कार्डं, सगळी आडवी. एका बाजूला खेळाडूचा मोठा चेहरा आणि त्याच्या मागे मैदानावरचं रंगवलेलं दृश्य. हँक ॲरनच्या कार्डावर मागे घसरत येणारा खेळाडू खरं तर विली मेज आहे, अशा गमती सापडल्या की दिवस चांगला जातो. पाठीमागे तीन चौकटींचं व्यंगचित्र आणि खाली आकडे. रेडिओवर कान लावून स्कोअर लिहीत मोठ्या झालेल्या माझ्यासारखीला ती मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच प्रिय आहे. आमच्या शेजारच्या आजोबांनी फोर्ब्ज फील्ड या पायरेट्सच्या जुन्या मैदानावर क्लेमेंटेला खेळताना पाहिलंय. उजव्या कोपऱ्यातून त्याने केलेली थ्रो ते अजून हात फिरवून दाखवतात. त्यांनी लहानपणीच्या खोक्यातली थोडी ‘कॉमन’ कार्डं, म्हणजे फारशी नावाजलेली नसलेल्या खेळाडूंची, मला दिली होती. पुढे तीच कामी आली.

2020 च्या शरद ऋतूत मी ही खरेदी केली. टाळेबंदीत लोकांनी माळ्यावरची खोकी खाली काढली होती आणि भाव चढायला लागले होते. दुकानात नव्या कार्डांचे डबे मांडायच्या आत संपत. पुढे मे 2021 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या टार्गेट या दुकानसाखळीच्या एका वाहनतळावर कार्डांवरून मारामारी होऊन पिस्तूल निघालं, तेव्हा त्या कंपनीने काही काळ दुकानांतली कार्डविक्रीच थांबवली. अशा गर्दीत जुन्या कार्डांकडे वळणं मला शहाणपणाचं वाटत होतं. अजूनही वाटतं. जुन्या कार्डाला खेळाडूचा इतिहास असतो, नव्याला बरेचदा फक्त लॉटरीचा भाव.

तो विक्रेता ऑनलाइन भेटला. गोड बोलणारा, विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर देणारा. कार्ड आपल्या आजोबांच्या खोक्यातलं आहे म्हणाला. कापलंय का, रंग भरलाय का, असं मी स्पष्ट लेखी विचारलं. “अजिबात नाही” असं त्याने लेखी कळवलं. फोटो पाठवले ते चार स्क्रूच्या जाड प्लॅस्टिकच्या केसमधले, हिरव्या कापडावर ठेवून काढलेले. कोपरे टोकदार, पांढरी किनार स्वच्छ. भावही संशय यावा इतका स्वस्त नव्हता, बाजारापेक्षा थोडासाच कमी. शिवाय “फ्रेंड्स अँड फॅमिली नको, खरेदी म्हणूनच पैसे पाठवा, म्हणजे तुम्हालाही काळजी नाही” असं तो आपणहून म्हणाला. ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ म्हणजे ओळखीच्यांना पैसे पाठवायचा मार्ग, त्यात खरेदीला संरक्षण नसतं. चोर असा बोलेल असं कोणाला वाटेल?

खरी मेख पुढे होती. कार्ड पोस्टाने आलं त्याच दिवशी त्याचा निरोप आला: केस उघडून हाताळू नका, कोपऱ्याला धक्का लागेल. थेट ग्रेडिंगला पाठवा. घाई नसेल तर सगळ्यात स्वस्त, संथ सेवा घ्या, सहज सात मिळतील. ग्रेडिंग म्हणजे काय ते नव्यांसाठी सांगते. कंपनी कार्ड तपासते, एक ते दहामध्ये गुण देते आणि सीलबंद प्लॅस्टिकमध्ये घालून परत पाठवते. स्वतःच तपासणीला पाठवा म्हणणाऱ्या माणसावर आपला विश्वास आणखी बसतो. त्याला नेमकं तेच हवं होतं, आणि त्याहून जास्त हवा होता तो वेळ.

त्या काळात ग्रेडिंग कंपन्यांकडे कार्डांचे डोंगर साचले होते. पीएसए या सगळ्यात मोठ्या कंपनीने तर मार्च 2021 मध्ये बहुतेक सेवांसाठी नवी कार्डं घेणंच तात्पुरतं बंद केलं. स्वस्त सेवेत दिलेलं कार्ड महिनोन् महिने रांगेत पडून राहायचं. आणि मी ज्या ॲपवरून पैसे दिले होते त्याची तक्रारीची मुदत होती 180 दिवस. माझं कार्ड कंपनीच्या कपाटात असतानाच ती मुदत उलटून गेली. कार्ड परत आलं ते गुणांशिवाय, ‘कडा कापल्याची चिन्हं’ असा शेरा घेऊन.

मी शेजारच्या आजोबांकडे गेले. त्यांच्या खोक्यातलं 1956 चंच एक कॉमन कार्ड खाली ठेवलं, वर क्लेमेंटे ठेवला, दोन्हीच्या डाव्या कडा जुळवल्या. उजवीकडे खालच्या कार्डाची पांढरी पट्टी डोकावत होती. त्या वर्षीच्या टॉप्स कार्डाचं माप 2⅝ बाय 3¾ इंच, म्हणजे लांबी सुमारे 95.3 मिलिमीटर. माझं भरलं 94.4. कारखान्यातही माप थोडं कमीजास्त व्हायचं, त्यामुळे नुसत्या मापावरून कोणाला चोर ठरवू नये. पण मग आजोबांनी भिंग दिलं. खऱ्या कडेवर जुन्या पुठ्ठ्याचे बारीक तंतू दिसत होते, वयाने करडे झालेले. क्लेमेंटेच्या उजव्या कडेवर मात्र पुठ्ठा ताज्या कापलेल्या पावासारखा उजळ आणि सपाट होता, आणि मधोमध पातं किंचित आत वळल्याची खूण होती. चार स्क्रूच्या त्या केसमध्ये कार्ड खाचेत बसतं, त्यामुळे फोटोत यातलं काहीही दिसणं शक्य नव्हतं.

कापण्यामागचं गणित साधं आहे. वर्षानुवर्षं हाताळून कोपरे गोल होतात आणि गोल कोपऱ्यामुळे भाव पडतो. जराशी कड छाटली की कोपरा पुन्हा टोकदार दिसतो. कारखान्यातून जरा मोठी कापली गेलेली कार्डं हे लोक मुद्दाम शोधतात, म्हणजे छाटल्यावरही माप फारसं चुकत नाही. म्हणून साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कार्डाचे चारही कोपरे नवेकोरे दिसले, तर माझ्या मते आनंद होण्याआधी संशय यायला हवा.

यात कंपनीने दिलेल्या गुणांवरही डोळे मिटून विसंबू नका. या छंदातलं सगळ्यात प्रसिद्ध कार्ड आमच्याच पायरेट्सच्या होनस वॅग्नरचं. मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे. सिगारेटच्या पाकिटांतून 1909 ते 1911 दरम्यान निघालेल्या टी-206 संचातलं हे कार्ड. त्याची जी सर्वांत चांगली प्रत मानली जायची, ती एकेकाळी हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीकडे होती. पीएसएने ग्रेड केलेलं ते पहिलंच कार्ड, गुण मिळाले आठ. 2007 मध्ये ते 28 लाख डॉलरना गेलं. आणि 2013 मध्ये बिल मास्ट्रो या मोठ्या लिलाववाल्याने शिकागोच्या संघीय न्यायालयात मेल फ्रॉडचा, म्हणजे टपालातून फसवणूक केल्याचा, गुन्हा कबूल करताना, त्या कार्डाच्या कडा आपणच कापल्या होत्या हेही कबूल केलं. 2015 मध्ये त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली.

मी विक्रेत्याला शेऱ्याचा फोटो पाठवला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं झालं. कार्ड तुम्हीच कापलं असणार, इतक्या महिन्यांनी मी का जबाबदार, आणि हे माझंच कार्ड कशावरून? ॲपवाल्यांनी मुदतीकडे बोट दाखवलं.

कार्ड तेच आहे हे मात्र मला सिद्ध करता आलं. छपाईच्या वेळी पडलेले ठिपके आणि शाईचे डाग प्रत्येक कार्डावर वेगवेगळ्या जागी असतात. माझ्या कार्डावर वरच्या किनारीत एक बारीक निळा ठिपका आहे, आणि तोच विक्रेत्याच्या फोटोतही आहे. 2019 मध्ये अमेरिकेतल्या संग्राहकांनी हीच पद्धत वापरून, जुन्या लिलावांतले फोटो आणि नंतर चढ्या गुणांनी आलेली कार्डं शेजारी ठेवून, शेकडो छेडछाड केलेली कार्डं उघडकीला आणली होती. मीही जुन्या लिलावांचे फोटो चाळत बसले आणि एका संध्याकाळी तो निळा ठिपका सापडला. तेच कार्ड, पण उजवीकडची किनार रुंद आणि दोन्ही उजवे कोपरे गोल. आधी कोणीतरी ते मधल्या दर्जाचं कार्ड म्हणून, प्रामाणिकपणे, कमी भावात विकलं होतं. मला खरं तर तसंच चाललं असतं! गोल कोपऱ्यांचं, पण अख्खं. सगळ्यात जास्त राग मला याचाच आहे की त्या माणसाने पाचशे डॉलरसाठी एक चांगलं जुनं कार्ड कायमचं खराब केलं.

कार्ड पोस्टाने आलं असल्यामुळे हे मेल फ्रॉडमध्ये बसतं. मी पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिस या टपाल खात्याच्या तपास शाखेकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या केंद्राकडे, दोन्ही फोटो आणि त्याचं “अजिबात नाही” हे लेखी उत्तर जोडून तक्रार केली आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर निरोप पुसू नका आणि पाकीट फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का हा पुरावा असतो. कार्ड हातात पडल्यावर ग्रेडिंगच्या आधी, पैसे परत मागायची मुदत चालू असतानाच ते केसमधून बाहेर काढा, मोजा, त्याच वर्षीच्या दोन-तीन डॉलरच्या कॉमन कार्डावर ठेवून पाहा. ग्रेडिंगला पाठवायचंच असेल तर मुदतीच्या आत परत येईल अशी सेवा घ्या, महाग पडली तरी. आणि विकत घेण्याआधी केसबाहेरचा, मोजपट्टी शेजारी ठेवलेला फोटो मागा. खरा विक्रेता कुरकुर करेल, पण देईल.

ते कापलेलं कार्ड “काही न विचारता” घ्यायला एक जण तयार होता. मी दिलं नाही. दिलं असतं तर ते पुन्हा अख्खं म्हणून कोणाच्या तरी गळ्यात पडलं असतं.

अलीकडे वेगळ्या नावाने एक जाहिरात दिसली. 1956 चं जॅकी रॉबिन्सनचं कार्ड, चार स्क्रूची केस, खाली तेच हिरवं कापड, आणि वर्णनात आजोबांचं खोकं. मी केसबाहेरचा, मोजपट्टीसकट फोटो मागितला. उत्तर आलं नाही, आणि तासाभरात जाहिरातच गायब झाली. तिचे फोटो मी आधीच उतरवून ठेवले होते. ते आता माझ्या तक्रारीला जोडले आहेत.