मोठी छत्री की लहान?

घरी एचडी वाहिन्या थेट उपग्रहावरून घ्यायच्या म्हटलं की पहिला प्रश्न छत्रीचा, म्हणजे डिश अँटेनाचा. सी बँडची आठ फुटी जाळीची, की केयू बँडची दोन फुटी? (बँड म्हणजे रेडिओ लहरींचा ठरावीक पट्टा.) मी आधी पहिली वापरली, आता दुसरी वापरतो. उपग्रह दोन्हीकडे विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवरच असतात. कित्येकदा एकाच उपग्रहावर दोन्ही बँड असतात. फरक आहे तो लहरींचा.

सी बँडच्या बाजूने सांगण्यासारखं पुष्कळ आहे. त्याच्या लहरीची लांबी साडेसात सेंटीमीटरच्या आसपास. तिच्यापुढे पावसाचे थेंब किरकोळ, म्हणून धो धो पावसातही माझं चित्र हललं नाही. उपग्रहाचा झोत दूरवर पसरलेला, त्यामुळे परदेशी वाहिन्याही सापडतात, काही विनाशुल्क. छत्री फिरवत नवा उपग्रह पकडायची हौस ज्याला आहे त्याला खरा आनंद इथेच. मी तो मनसोक्त घेतला आहे.

केयूची लहर अडीच सेंटीमीटरची. थेंब ती शोषतात, विखुरतात. शिवाय एचडी वाहिन्या बहुधा डीव्हीबी-एस२ या नव्या प्रक्षेपण पद्धतीवर असतात. उपग्रहावरच्या एकाच ट्रान्सपॉन्डरमध्ये, म्हणजे सिग्नल परत पाठवणाऱ्या यंत्रात, जास्त माहिती बसवायची तर सिग्नलही तितकाच स्वच्छ लागतो. म्हणून जोराची सर आली की माझ्याकडे आधी एचडी जाते, साध्या वाहिन्या काही वेळ तग धरतात. जुन्या अ‍ॅनालॉगसारख्या मुंग्या येऊन सूचनाही मिळत नाही. चित्राचे चौकोन होतात आणि पडदा काळा.

एवढं वाचून कोणीही मोठीच छत्री घेईल. मीही तिच्यावरच राहिलो असतो.

एका संध्याकाळी आभाळ निरभ्र असताना चित्र तुटायला लागलं. बॉक्सवर पाहिलं तर स्ट्रेंग्थची, म्हणजे सिग्नलच्या जोराची, पट्टी जवळजवळ भरलेली आणि क्वालिटी, म्हणजे त्याचा स्वच्छपणा, शून्यावर. मी बोल्ट आवळले, केबलचे कनेक्टर बदलले, नवा एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल टिपणारा भाग) लावला. काही उपयोग नाही. कारण निघालं मोबाइल टॉवर. सी बँडचं प्रक्षेपण मुख्यतः ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झमध्ये उतरतं आणि फाइव्ह-जीला बऱ्याच देशांत त्याच्या अगदी शेजारची, काही ठिकाणी त्यातलीच जागा दिली आहे. हजारो किलोमीटरवरून येणारा क्षीण सिग्नल आणि हाकेच्या अंतरावरचा टॉवर, एलएनबी गुदमरतो. पट्टी भरलेली दिसत होती ती या गोंगाटाने. फिल्टर बसवल्यावर काही वाहिन्या परतल्या, पण खालच्या फ्रिक्वेन्सीवरच्या माझ्या आवडत्या तेवढ्या परतल्या नाहीत. दिवसा ठीक चालायचं आणि संध्याकाळी, नेमकं सगळे टीव्हीसमोर बसल्यावर, पुन्हा तेच. या एका त्रासाने मी कंटाळलो.

पावसाचं तसं नाही. माझ्या अनुभवात तो खंड दहा-पंधरा मिनिटांचा, आणि सर ओसरली की चित्र आपोआप परत येतं. तोही कमी करता येतो. मी साठ सेंटीमीटरच्या जागी नव्वदची छत्री लावली. क्षेत्रफळ सव्वादोन पट झालं, आणि मध्यम पावसात आता चित्र सहसा जात नाही. मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य उपग्रहाच्या मागे आला की काही दिवस थोडी मिनिटं सिग्नल जातो. त्यातून दोन्ही छत्र्यांची सुटका नाही.

तुमच्याकडे भरपूर जागा असेल, जवळपास टॉवर नसेल आणि परदेशी वाहिन्यांची ओढ असेल तर मोठी छत्री चुकीची ठरणार नाही. ठरावीक एचडी पॅकेज रोज निवांत पाहायचं असेल, तर मी नव्वद सेंटीमीटरच्या केयूकडेच बोट दाखवीन. मोठीच घ्यायची झाली तर खांब काँक्रीटमध्ये रोवण्याआधी ती नुसती टेकवून चार-पाच संध्याकाळी क्वालिटीची पट्टी बघा. स्ट्रेंग्थ भरलेली आणि क्वालिटी खालीवर होत असेल, तर खड्डा खणू नका.