ओल्ड कॅथलिक पॅरिश की छोटा स्वतंत्र समुदाय?

जर्मनीत राहणाऱ्या आपल्या वसईकडच्या काही कुटुंबांनी हल्ली मला हा प्रश्न विचारला. बहुतेकांची अडचण सारखीच असते. घटस्फोटानंतर दुसरं लग्न झालेलं, म्हणून कम्युनियन (मिस्सेत मिळणारा ख्रिस्तप्रसाद) बंद. पण मिस्सा, संस्कार आणि संतांचे सण काही सुटत नाहीत. अशा वेळी रोमच्या अधिकाराबाहेरच्या दोन वाटा दिसतात: ओल्ड कॅथलिक चर्चची पॅरिश, म्हणजे स्थानिक धर्मग्राम, नाहीतर एखाद्या बिशपभोवती जमलेला स्वतंत्र समुदाय. मी दोन्हीकडे राहिलो आहे.

श्रद्धेत फार अंतर नाही. सात संस्कार दोन्हीकडे आहेत आणि फादरांना लग्नाची मुभाही आहे. घटस्फोटितांना कम्युनियन नाकारलं जात नाही. जर्मनीतल्या ओल्ड कॅथलिकांनी 1996 पासून स्त्रियांना धर्मगुरूपदाची दीक्षा द्यायला सुरुवात केली. बऱ्याच स्वतंत्र समुदायांतही स्त्रिया वेदीवर असतात. अंतर पडतं ते इतिहासात, आणि रोजच्या कारभारावर त्याचा परिणाम होतो.

ओल्ड कॅथलिकांची मुळं नेदरलँड्समध्ये आहेत. 1723 मध्ये तिथल्या उट्रेख्टच्या धर्मगुरूंनी रोमच्या संमतीशिवाय कोर्नेलिस स्टेनोव्हेन यांना आर्चबिशप निवडलं. आपला बिशप निवडण्याचा स्थानिक चर्चचा जुना हक्क सोडायला ते तयार नव्हते. 1870 मध्ये व्हॅटिकन परिषदेने पोपच्या अचूकतेचा (श्रद्धेबाबत अधिकृतपणे शिकवताना पोप चुकू शकत नाहीत, हा) सिद्धान्त जाहीर केला, तेव्हा म्युनिकचे इतिहासकार डोलिंगर यांनी तो मान्य केला नाही आणि 1871 मध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आलं. 1873 मध्ये जर्मनीतल्या धर्मगुरूंनी आणि साध्या भाविकांनी मिळून राइनकेन्स यांना बिशप निवडलं, त्यांना दीक्षा दिली डच बिशपांनी. पुढच्याच वर्षी बॉनला पहिला सिनड, म्हणजे धर्मगुरू आणि भाविकांच्या प्रतिनिधींची सभा, भरला. ब्रह्मचर्याची सक्ती 1878 मध्ये उठली तीसुद्धा सिनडच्या ठरावाने, कुणा एकाच्या मनात आलं म्हणून नव्हे. 1889 मध्ये ही चर्चेस उट्रेख्ट युनियनमध्ये एकत्र आली.

छोट्या स्वतंत्र समुदायांची वंशावळ वेगळी आहे, आणि तिच्यात आपल्याकडचं एक मोठं नाव येतं. गोव्याचे फादर आल्वारिस पाद्रोआदोच्या, म्हणजे इथल्या चर्चवर पोर्तुगालच्या राजाला असलेल्या हक्कांवरून रोमपासून दूर झाले. 1889 मध्ये ते केरळात मार ज्युलियस या नावाने बिशप झाले आणि 1892 मध्ये त्यांनी कोलंबोत अमेरिकेत काम करणाऱ्या रेने विलात यांना बिशपपदाची दीक्षा दिली. आजचे कितीतरी स्वतंत्र बिशप आपली परंपरा विलात यांच्यामार्फत आल्वारिसांपर्यंत नेऊन भिडवतात. याचा मला मनापासून अभिमान वाटतो. मात्र आल्वारिसांच्या पाठीशी पाद्रोआदोसाठी भांडणारी माणसं होती. विलात यांच्यानंतर दीक्षा हातोहात पुढे गेल्या आणि पुष्कळदा बिशप आधी झाला, माणसं मागाहून जमली.

मी ज्या समुदायात जायचो, तिथली माया खरी होती. मिस्सा झाली की सगळे एका टेबलावर जेवायचे, नव्या माणसाला कुणी एकटं बसू द्यायचं नाही. मला खटकत होता तो प्रार्थनेचा कागद. दर रविवारी दारात नवी छापील पानं हातात पडायची. कधी विश्वासांगिकाराचे शब्द बदललेले, कधी कम्युनियनआधीची प्रार्थनाच गायब. लहानपणापासून तोंडपाठ असलेली उत्तरं द्यायला तोंड उघडावं, तर पानावर भलतंच काही. आई वसईहून राहायला आली होती. तिला जर्मन येत नाही, पण मिस्सा कुठवर आली हे तिला एरवी बरोबर कळतं. तिथे ती शेवटपर्यंत चाचपडत राहिली. हे कोण ठरवतं, असं मी विचारलं. बिशपच ठरवतात, असं सहज उत्तर मिळालं. हरकत घ्यायला दुसरी जागाच नव्हती.

ओल्ड कॅथलिक पॅरिशमध्येही प्रार्थना निवडायला वाव असतो, पण सगळं एकाच मान्य पुस्तकातून. आईने तिथे योग्य वेळी गुडघे टेकले, योग्य वेळी ‘आमेन’ म्हटलं. माझं मन तेव्हाच तिकडे झुकलं.

तिथे उणिवा नाहीत असं नाही. पॅरिशेस विखुरलेल्या आहेत, रविवारी बाकं बरीचशी रिकामी दिसतात आणि सिनडमध्ये विषय वर्षानुवर्षं रेंगाळतात. बऱ्याच राज्यांत चर्चकरही लागतो. पगाराच्या कागदावर ‘आरके’च्या (रोमन कॅथलिक) जागी ‘एके’ (ओल्ड कॅथलिक) येतं, कापलेले पैसे तेवढेच. छोटा समुदाय वर्गणीवर चालतो. तिथे कुणी अडचणीत असेल तर मदत त्याच संध्याकाळी घरी पोचते, आणि हे मी स्वतः पाहिलंय.

सगळ्यांना माझंच पटेल असं नाही. जवळपास ओल्ड कॅथलिक पॅरिश नसेल आणि लहान मुलांना घेऊन दर रविवारी लांबची गाडी पकडणं झेपत नसेल, तर छोट्या समुदायात जरूर जा. फक्त नाव नोंदवण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: पुढचा बिशप कोण निवडणार, आणि त्यात तुमचं मत धरणार का.