चेक-इन बॅगेत एअरटॅग टाकून घरी जाणं: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

परदेशातून घरी जाताना बॅगेत ट्रॅकर, म्हणजे बॅग कुठे आहे ते फोनवर दाखवणारा अ‍ॅपलचा छोटासा एअरटॅग, टाकावा का, असं ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. बॉक्स उघडून दोन दिवसांत लिहिलेला रिव्ह्यू नाहीये हा, जाता-येता दोन्हीकडून वापरलाय, मधे एकदा बॅग मागे राहण्याचा प्रसंगही येऊन गेलाय. मत आधीच सांगते: घ्या. पण तो बॅग परत आणून देत नाही, बॅग आली नाहीये हे तुम्हाला बाकीच्यांच्या आधी कळतं एवढंच, आणि त्या आधी कळण्याचा उपयोग करून घ्यायचा की नुसतं मॅप बघत कुढत बसायचं हे तुमच्यावर आहे.

चालतो कसा ते आधी, कारण निम्मी चिडचिड तिथूनच सुरू होते. यात जीपीएस नाही, सिम नाही. ब्लूटूथचा बारीकसा सिग्नल सोडत राहतो आणि जवळून कुणाचाही आयफोन गेला की तो फोन आपलं लोकेशन गुपचूप अ‍ॅपलकडे पाठवतो, त्या माणसाला कळतही नाही आणि एन्क्रिप्शनमुळे ते लोकेशन अ‍ॅपललाही वाचता येत नाही. एअरपोर्टवर आयफोन पायलीला पन्नास त्यामुळे तिथे झकास चालतं. विमान हवेत असताना मात्र बॅग खाली होल्डमध्ये, म्हणजे सामानाच्या कप्प्यात, वरचे बहुतेक फोन फ्लाइट मोडवर, मग फोनच्या मॅपवरचा बॅगेचा ठिपका शेवटचा जिथे दिसला तिथेच तासन्‌तास चिकटून बसतो. नवीन लोक इथेच घाबरतात, बॅग राहिली राहिली म्हणून, आणि ती बिचारी त्यांच्याच पायाखाली असते.

म्हणून ठिपका बघू नका, त्याच्याखालची वेळ बघा, म्हणजे बॅग तिथे शेवटची कधी दिसली ती. ही एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुरे. लेओव्हरच्या, म्हणजे मधे विमान बदलायच्या, एअरपोर्टवर ठिपका दिसतोय आणि वेळ तुमचं विमान उडायच्या आधीची असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही, बॅग चढलेली असू शकते. पण वेळ तुमचं विमान उडाल्यानंतरची असेल तर बॅग मागे राहिली, विषय संपला, बेल्टवर उभं राहून काही होणार नाही.

माझं तसंच झालं. पहिली फ्लाइट उशिरा पोचली, कनेक्शनला मी कशीबशी पळत पोचले, मी पोचले म्हणजे बॅग पोचलीच असं नसतं ना. उतरल्यावर फोन चालू केला तर ठिपका मागच्या एअरपोर्टवर, आणि वेळ बघितली तर आम्ही हवेत असतानाची. इमिग्रेशनच्या लाइनमध्येच कळून चुकलं. बाकीची मंडळी बेल्टभोवती मान लांब करून उभी, प्रत्येक काळी बॅग आली की चार जण पुढे सरकतायत, आणि मी सरळ बॅगेज डेस्कला गेले. तिथे तेव्हा कुणीच नव्हतं. माझा फॉर्म भरून होईपर्यंत मागे ही लांब रांग लागली होती, सगळे त्याच फ्लाइटचे. ट्रॅकरचे पैसे माझ्या मते तिथेच वसूल झाले.

डेस्कवरच्या बाईंना मॅप दाखवला. त्या चांगल्या होत्या पण त्यांच्या सिस्टिममध्ये बॅग अजून "लोडेड" दाखवत होती आणि माझ्या फोनवरच्या ठिपक्याला त्यांच्या लेखी काही किंमत नव्हती, त्यांनी त्यांच्याच पद्धतीने शोध टाकला. एअरलाइनचं नाव घेत नाही, कारण हा प्रकार कुणाबरोबरही होऊ शकतो.

आता शेअर लिंक आहे. आयओएस १८.२ मध्ये, म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये, अ‍ॅपलने अशी सोय आणली की हरवलेल्या बॅगेची लिंक बनवून एअरलाइनला द्यायची, मग त्यांच्या माणसांना वेबवर लोकेशन दिसतं, सात दिवसांनी लिंक आपोआप बंद होते, त्याआधी बॅग हातात आली तर तेव्हाच. बऱ्याच मोठ्या एअरलाइन्स ती घेतात, पण सगळ्या नाही, निघायच्या आधी आपली घेते का बघून ठेवा.

आणि ट्रॅकर असो नसो, एअरपोर्टबाहेर पडायच्या आधी तो पीआयआर फॉर्म, म्हणजे बॅग आली नाही किंवा तुटली याची एअरलाइनकडची तक्रार, भरा. घरचे बाहेर ताटकळत उभे असतात, फोनवर फोन येत असतात, "कुठे आहेस, सगळे उतरले", आणि वाटतं की घरी जाऊन फोन करू एअरलाइनला. नका करू असं. रेफरन्स नंबर हातात असला की पुढचं सगळं त्यावर चालतं. कायद्याचं थोडक्यात सांगते, बहुतेक आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू असतो: बॅग तुटली-फुटली असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत, आणि २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरून तुम्ही भरपाई मागू शकता. भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर, हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक आहे, रोजच्या दराने आपापल्या चलनात करून बघा. ही कमाल मर्यादा आहे हं, तेवढे मिळतातच असं नाही. मधल्या काळात कपडे, टूथब्रश वगैरे जे घ्याल त्याच्या पावत्या ठेवा.

पुढचे दिवस मात्र ट्रॅकरने डोक्याला ताप दिला. बॅग दुसऱ्या विमानाने आली, हे मला एअरलाइनच्या मेसेजच्या कितीतरी आधी कळलं, घरात सगळ्यांना सांगूनही झालं. आणि मग ती एअरपोर्टवरच्या कुठल्यातरी गोदामात जी बसली ती हलेचना. दिसतेय पण आणता येत नाही. भाचा दर तासाला येऊन विचारतोय, "मावशी आली का बॅग?", कारण त्याचं सगळं त्या बॅगेत. फोन लावला की उत्तर एकच, प्रोसेसमध्ये आहे. ट्रॅकर नसता तर मी निदान निवांत झोपले तरी असते असं तेव्हा प्रामाणिकपणे वाटलं. शेवटी ठिपका रस्त्यावर आला आणि वळणं घेत घेत आमच्या दिशेने यायला लागला, तेव्हा अख्खं घर फोनभोवती गोळा. क्रिकेटची शेवटची ओव्हर बघावी तसं.

एअरलाइनचं अ‍ॅपही सोबत वापरा, ट्रॅकर आहे म्हणून ते सोडू नका. आयाटा या एअरलाइन्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ७५३ नंबरच्या ठरावाप्रमाणे जून २०१८ पासून सदस्य एअरलाइन्सनी बॅगेची नोंद चार ठिकाणी ठेवायची असते: घेताना, विमानात चढवताना, ट्रान्सफरला आणि परत देताना. बऱ्याच अ‍ॅपमध्ये ते दिसतं. दोन्ही जुळतायत तर बरं, जुळत नसतील तर मी ताज्या वेळेवर विश्वास ठेवते. आणि बॅगेवरचे जुन्या प्रवासाचे स्टिकर सोलून टाका, स्कॅनरची गफलत त्यानेही होते.

आता घरच्यांच्या बाजूने येणारा त्रास, जो कुठल्या रिव्ह्यूत मला वाचायला मिळाला नव्हता. एका खेपेला मी मोठी बॅग आईकडेच ठेवली, पुढच्या वेळी येईल कुणाबरोबर तरी म्हणून, ट्रॅकरसकट. एअरटॅग मालकाच्या फोनपासून बराच वेळ, म्हणजे ८ ते २४ तास, लांब राहिला की हलवल्यावर आवाज करतो. चोरून कुणाचा माग काढू नये म्हणून ते तसं बनवलंय, ठीकच आहे. पण आईचा फोन आला की कपाटावरची बॅग केर काढताना हलवली की आत काहीतरी किडा ओरडतो, बाबांनी बॅग उलटी करून झटकली तरी निघत नाही. मला हसू आवरेना. तेव्हा बॅग कुणाकडे राहणार असेल तर ट्रॅकर काढून घ्या नाहीतर बॅटरी तरी काढा.

तसंच माझी मावशी माझी बॅग घेऊन एकटी प्रवास करत होती तेव्हा तिच्या अँड्रॉइड फोनवर अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरतोय अशी वॉर्निंग. अ‍ॅपल आणि गूगलने मे २०२४ मध्ये मिळून हे दोन्हीकडे चालू केलंय. बाई एकटी, अनोळखी एअरपोर्ट आणि फोनवर असलं काहीतरी, घाबरणारच ना. आधी सांगून ठेवणं हाच उपाय. समोरच्याकडे आयफोन असेल तर आयओएस १७ पासून एअरटॅग आणखी पाच जणांबरोबर शेअर करता येतो, मग त्यांना ती वॉर्निंग येत नाही आणि न्यायला येणाऱ्यालाही बॅग कुठे आहे ते दिसतं.

विमानात चालतो का, तर चालतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये लुफ्थान्सा एअरलाइनने आधी बंद ठेवा म्हणून सांगितलं होतं आणि मग थोड्याच दिवसांत परवानगी दिली, तेव्हापासून हा वाद जवळपास मिटलाय. आतली बॅटरी नाण्याएवढी सीआर२०३२, साधारण वर्षभर जाते. बदलताना पाकीट वाचा, लहान मुलांनी गिळू नये म्हणून काहींवर कडू लेप असतो आणि त्यातल्या काही एअरटॅगमध्ये नीट चालत नाहीत. बॅगेत मधोमध कपड्यांत पुरण्यापेक्षा अस्तराच्या बाजूच्या खिशात ठेवा, आणि अ‍ॅल्युमिनियमची बॅग असेल तर सिग्नल कमी मिळणार हे धरून चाला.

हँड बॅगेत लागतो का? मी म्हणेन एक टाका. विमान भरलेलं असलं की गेटवर केबिन बॅग घेऊन खाली टाकतात, आणि औषधं, घराच्या किल्ल्या, कागदपत्रं नेमकी त्यातच असतात. अशा वेळी ती एका छोट्या पाऊचमध्ये वेगळी असली तर पटकन काढता येतात, पॉवरबँकही त्यातच ठेवा कारण तो होल्डमध्ये चालतच नाही, गेटवरचा माणूस बॅगेला टॅग लावायच्या आधी हमखास विचारतो.